एकट्याचा ताफा : हॅसिल अ‍ॅडकिन्सचे संगीत

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कोळशाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या बून काउंटीत, हॅसिल अ‍ॅडकिन्स नावाचा माणूस जवळजवळ पन्नास वर्षे एकट्याने रॉक अँड रोल वाजवत राहिला. हातात गिटार, एका पायाखाली मोठ्या ढोलाचे पेडल, दुसऱ्या पायाखाली हाय-हॅटच्या झांजा, तोंडासमोर माइक आणि अधूनमधून हार्मोनिका. साथीला कोणी नाही. गाणी बहुतेक त्याची स्वतःची. ती टेपवर उतरवणारा तोच आणि टेपा पाकिटात घालून रेकॉर्ड कंपन्यांना पाठवणाराही तोच. अशा एकट्या वादकाला वन-मॅन बँड म्हणतात, आणि तो जे वाजवायचा त्याला रॉकबिली.

अ‍ॅडकिन्सविषयी कुणी बोलायला लागले, की सुरुवात हटकून त्याच्या विक्षिप्तपणापासून होते. त्याचे पिणे, त्याची विचित्र गाणी, कोंबड्यांवरचे त्याचे प्रेम, डोंगरातले त्याचे मोडके घर. या गोष्टी खोट्या नाहीत. पण त्या आधी सांगितल्या, की ऐकणारा गंमत बघायच्या तयारीने बसतो आणि गाणे ऐकायचे राहूनच जाते. माझे म्हणणे साधे आहे. हा माणूस आधी संगीतकार होता. त्याच्या वाजवण्यात अनेक वर्षांची मेहनत होती, स्वतःची अशी एक रीत होती आणि ज्या मातीत तो वाढला तिची खूण त्याच्या शब्दाशब्दांत होती. पुढच्या पानांत त्याच्या ध्वनिमुद्रिकांचा क्रमाने परिचय येईल. त्याआधी तो कुठून आला आणि नेमके काय करत होता, ते इथे मांडतो.

हॅसिलचा जन्म 29 एप्रिल 1937चा, म्हणजे महामंदीच्या काळातला. वडील खाणीत कामाला. दहा भावंडांत हा धाकटा. घर डांबरी कागदाने मढवलेले आणि जागा कोळसा कंपनीकडून भाड्याने घेतलेली. अ‍ॅपलेशियाच्या त्या दऱ्याखोऱ्यांत त्या काळी जमीन, घर, दुकान आणि रोजगार असे सगळेच बहुधा कंपनीच्या हातात असे. 1921 साली युनियनच्या हक्कासाठी सुमारे दहा हजार खाणकामगार बंदुका घेऊन याच बून काउंटीतून शेजारच्या लोगन काउंटीकडे गेले होते. ब्लेअर माउंटनवर त्यांची खाणमालकांच्या बाजूने उभ्या असलेल्या सशस्त्र माणसांशी गाठ पडली आणि अखेर केंद्राचे सैन्य आल्यावरच ती लढाई थांबली. हॅसिल जन्मला तो त्यानंतर 16 वर्षांनी, पण खाणीवर जगणाऱ्या घरांचे हातातोंडाची गाठ घालणे तेव्हाही सुटले नव्हते. शाळेशी त्याचा संबंध जेमतेम आला. बाहेरचे जग घरात येई ते रेडिओतून.

त्या रेडिओवरच त्याने हँक विल्यम्स ऐकला. पुढे अनेक मुलाखतींत त्याने सांगितलेली गोष्ट अशी : निवेदक गाण्याच्या आधी फक्त हँक विल्यम्सचे नाव घेई. पोराने त्याचा सरळ अर्थ लावला, की जे जे ऐकू येते ते सगळे हा एकटाच वाजवतो. मग आपल्यालाही गायचे असेल, तर सगळे एकट्यानेच वाजवता आले पाहिजे. गाण्यामागे वादकांचा संच असतो हे कळेपर्यंत त्याची बैठक ठरून गेली होती. पुढे त्याला साथीदार मिळू शकले असते, पण त्याने ही रीत सोडली नाही.

ही गोष्ट इतकी गोड आहे, की तिच्यावरच थांबण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. गैरसमजातून तो एकटा वाजवायला का लागला हे कळते. तो असे का वाजवायला लागला हे कळत नाही. हँकच्या वादकांत फिडल, स्टील गिटार आणि बास असे; ढोल जवळपास नसेच. हॅसिलच्या गाण्यात मात्र ढोल हाच कणा आहे. म्हणजे त्याने हँकची नक्कल केली नाही. हँककडून त्याने उदास प्रेमगीतांची चाल, गळा भरून आल्यासारखा सूर आणि साध्या शब्दांवरचा विश्वास घेतला. पायाचा ठेका आला तो 1950च्या दशकाच्या मध्याला रेडिओवर उसळलेल्या रॉक अँड रोलमधून. 1 जानेवारी 1953 रोजी ओहायोतल्या कार्यक्रमाला निघालेला हँक मोटारीच्या मागच्या सीटवर मृत सापडला, तोही वेस्ट व्हर्जिनियातल्याच ओक हिल गावात. त्याचे वय होते 29. हॅसिल तेव्हा 15 वर्षांचा होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या तरुणांच्या संगीताचा नूर पालटला आणि या मुलाने जुने आणि नवे, दोन्ही एकाच खुर्चीवर बसून वाजवायला घेतले.

रॉकबिली ही या पालटातलीच एक वाट. गोऱ्या डोंगरी लोकांचे कंट्री संगीत आणि काळ्या लोकांचे ऱ्हिदम अँड ब्लूज यांचा तो जलद, उघडावाघडा संगम. 5 जुलै 1954 रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्लीने ‘दॅट्स ऑल राइट’ गायले तेव्हा त्याच्यासोबत दोनच वादक होते : गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या बासवर बिल ब्लॅक. ढोल नव्हताच, बासच्या तारा पट्टीवर आपटून ठेका काढला होता. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सने आवाजाला टेपच्या साहाय्याने बारीक प्रतिध्वनी दिला आणि तीन माणसांच्या वाजवण्याने खोली भरून टाकली. कमीत कमी माणसांत जास्तीत जास्त धडक हे रॉकबिलीचे मूळ सूत्र. अ‍ॅडकिन्सने ते टोकाला नेले आणि माणसे एकावर आणली.

तसा तो या वाटेवरचा पहिला नव्हे. जॉर्जियात जन्मलेला आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला जेसी फुलर बारा तारांची गिटार, हार्मोनिका आणि कझू वाजवता वाजवता पायाने स्वतः बनवलेला एक बास वाजवी. त्याला तो फोटडेला म्हणे. मेम्फिसमध्ये जो हिल लुई गिटार, हार्मोनिका आणि ढोल एकट्याने सांभाळत असे. 1950 साली सॅम फिलिप्सने स्वतःच्या नावाचे लेबल काढले तेव्हा त्यावर जी एकच रेकॉर्ड निघाली ती या जो हिल लुईची. एल्व्हिस त्या स्टुडिओत गाजायला अजून चार वर्षे होती. डॉक्टर रॉस नावाने ओळखला जाणारा आयझाया रॉसही सनसाठी गायला आणि नंतर मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यात नोकरी करत एकट्याचा बँड चालवत राहिला. हे तिघेही कृष्णवर्णीय ब्लूज गायक. या परंपरेचा वारसा अ‍ॅडकिन्सच्या संगीतात आहे हे स्पष्ट म्हटले पाहिजे, मग तो त्याने रेडिओवरून कळत घेतला असो की नकळत.

आता तो काय करायचा ते जवळून पाहू. चार वादकांच्या बँडमध्ये प्रत्येकाचे कान दुसऱ्याकडे असतात. गायक भान विसरून पुढे गेला तर ढोलवाला त्याला धरून ठेवतो. गिटारवाल्याला कुठे वळायचे हे आधी ठरलेले असते. आपल्याकडे तबलजी आवर्तन सांभाळतो म्हणून गवई मोकळा फिरू शकतो, तसेच हे. एकट्याच्या बँडमध्ये धरून ठेवणारे कोणी नसते. पाय आणि हात एकाच माणसाचे, त्यामुळे ठेका आणि गिटारची थाप एकमेकांना चिकटूनच पडतात. ढोल मागे राहून गायकाला रेटतो आहे, असे होत नाही. वाजवणाऱ्याला चेव आला की सगळा बँडच एका दमात पळू लागतो, आणि तो दमला की सगळाच सैलावतो.

दुसरे असे, की ब्लूजची बारा बारची चौकट त्याला बांधून ठेवत नाही. ओळ लांबली तर तो सूर तसाच धरून ठेवतो; शब्द लवकर संपले तर दोन ठोके गाळून पुढच्या सुरावर उडी मारतो. बँडमध्ये अशाने सगळे कोलमडतील. इथे कोलमडायला दुसरे कोणी नाहीच. प्रथम ऐकताना हे चुकल्यासारखे वाटते. चार-पाच गाणी ऐकली की कळते, चौकट मोडते ती बोलण्याच्या लयीपायी. माणूस जोशात हकिगत सांगताना जिथे श्वास घेईल, जिथे थांबून हसेल, तिथेच त्याची सम येते. हे सवयीने कमावलेले कसब आहे. दोन पाय दोन कामे करत असताना, हात तिसरे काम करत असताना, गळा किंचाळी आणि हुंदका यांच्यामध्ये मोकळा फिरवणे किती अवघड आहे, हे ज्याने एकदा करून पाहिले त्यालाच कळेल.

त्याने हे सारे घरीच ध्वनिमुद्रित केले. 1950च्या दशकाच्या मध्यापासून टेप रेकॉर्डर आणि माइक समोर ठेवून तो वाजवत गेला. माइकला न झेपणारा जोर लावला की आवाज फाटतो आणि तो फाटलेला आवाजच त्याच्या गाण्याचा पोत झाला. स्टुडिओत एवढ्यावर टेप थांबवून पुन्हा घ्यायला सांगितले असते. त्याने ती ठेवली, आणि आज त्या टेपा ऐकताना खोलीतला माणूस अगदी हाताच्या अंतरावर बसल्यासारखा वाटतो.

‘शी सेड’ हे त्याचे सगळ्यांत गाजलेले गाणे घ्या. रात्री दारूच्या नशेत भेटलेली बाई सकाळी कशी दिसली, याची ती हकिगत. तिच्या चेहऱ्याला तो उपमा देतो ती सरकारी मदतीत मिळणाऱ्या डबाबंद मांसाची. गरीब घरांना वाटलेले ते डबे बून काउंटीत कोणाला माहीत नव्हते! तो प्रेमकवितेतल्या चंद्रगुलाबांच्या वाटेला जात नाही; आपल्या फळीवर जे आहे तेच उचलतो. आणि ओळींच्या मधे जे येते ते शब्द नाहीतच : हाका, किंचाळ्या, घशातले आवाज. ढोल त्याखाली एकसारखा आपटत राहतो. सारे गाणे काही मिनिटांत आटोपते आणि तेवढ्यात एक पात्र, एक सकाळ आणि एक मुलूख उभा राहतो.

त्याच्या काही गाण्यांनी अंगावर काटा येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘नो मोअर हॉट डॉग्ज’मध्ये तो प्रेयसीचे मुंडके उडवून भिंतीवर टांगण्याची भाषा करतो, म्हणजे तिला पुन्हा हॉट डॉग खाता येणार नाही, आणि वर खदाखदा हसतो. हे समजून घ्यायला अ‍ॅपलेशियाची जुनी गाणी आठवावी लागतात. ‘प्रिटी पॉली’, ‘ओमी वाइज’, ‘नॉक्सव्हिल गर्ल’ या तिथल्या लोकगीतांत प्रियकर मुलीला नदीकाठी किंवा रानात नेऊन मारतो आणि गाणारा शांत सुरात ते सांगतो. बाईचा खून हा त्या संगीताचा पिढ्यानपिढ्यांचा विषय. अ‍ॅडकिन्सने त्यातली शांतता काढली आणि हास्य घातले. त्यामुळे ते क्षम्य होते असे मी म्हणत नाही. आजच्या वाचकाला ही गाणी खटकतील आणि ती खटकावीतच. पण ती या माणसाच्या वेडाची नोंद म्हणून बाजूला ठेवली, तर एका संपूर्ण परंपरेतली हिंसा एका व्यक्तीच्या माथी मारल्यासारखे होईल.

त्याच्या संगीताची दुसरी बाजू ज्यांनी ऐकली नाही त्यांनी अर्धाच अ‍ॅडकिन्स ऐकला. 1990 साली निघालेला ‘मून ओव्हर मॅडिसन’ हा अल्बम संथ, एकाकी गाण्यांचा आहे. मॅडिसन हे बून काउंटीचे मुख्य ठिकाण. इथे ढोल दबका आहे, गिटारचे सूर सुटे सुटे पडतात आणि गाणारा हँक विल्यम्सचा खरा शिष्य वाटतो. ज्याला हसायला लोक जमत, त्याच्याच गळ्यात एवढे कारुण्य आहे हे इथे कळते. धुडगूस आणि दुःख एकाच गळ्यातून निघतात आणि दोन्हींमागे एकटेपण आहे. त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी या अल्बमला पहिले स्थान द्यायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

आता कारकिर्दीविषयी. 1960च्या दशकात छोट्या स्थानिक लेबलांवर त्याच्या थोड्या सिंगल्स निघाल्या. ‘शी सेड’, ‘चिकन वॉक’ आणि कंबर वाकवून करायच्या त्याच्या स्वतःच्या नाचाचे गाणे ‘द हंच’ ही त्यांतली. त्या फारशा कुठे पोचल्या नाहीत. तो मात्र टेपा पाठवत राहिला. रेकॉर्ड कंपन्यांना पाठवल्या, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनाही पाठवल्या, आणि 1970च्या सुमारास व्हाइट हाउसकडून आभाराचे पत्र आले. त्या पत्राचा त्याला अभिमान होता. हजारो गाणी लिहिल्याचे तो सांगे. आकडा काहीही असो, ऐकणारे नसताना वीस वर्षे तो रोज नव्याने गाणी करत होता, याची साक्ष त्या टेपा देतात.

मग न्यूयॉर्कच्या ‘द क्रॅम्प्स’ या बँडच्या हाती जुनी सिंगल लागली. लक्स इंटिरिअर आणि पॉयझन आयव्ही हे जोडपे रॉकबिलीच्या विसरलेल्या रेकॉर्डी शोधून वेचत असे. 1981 साली त्यांनी ‘गू गू मक’च्या मागच्या बाजूला ‘शी सेड’ गायले आणि पंक ऐकणाऱ्या मुलांना अ‍ॅडकिन्स हे नाव पहिल्यांदा कळले. क्रॅम्प्सची सुरुवातीची ढोलवादक मिरियम लिना आणि तिचा साथीदार बिली मिलर ‘किक्स’ नावाचे मासिक चालवत. त्या दोघांनी 1986 साली नॉर्टन रेकॉर्ड्स ही कंपनी काढली ती मुळात या माणसाच्या टेपा जगापुढे आणण्यासाठी. पहिला अल्बम होता ‘आउट टू हंच’. पाठोपाठ ‘द वाइल्ड मॅन’, ‘पीनट बटर रॉक अँड रोल’ आणि इतर आले. पन्नाशीला टेकलेल्या अ‍ॅडकिन्सला प्रथमच श्रोते मिळाले. 1993 साली ज्युलियन निट्झबर्गने त्याच्यावर ‘द वाइल्ड वर्ल्ड ऑफ हॅसिल अ‍ॅडकिन्स’ हा माहितीपट केला. 1998 साली मिसिसिपीतल्या फॅट पॉसम या ब्लूजच्या कंपनीने त्याचा ‘व्हॉट द हेल वॉज आय थिंकिंग’ काढला आणि 2000 साली नॉर्टनने त्याची सगळी कोंबडी-गाणी ‘पोल्ट्री इन मोशन’मध्ये एकत्र केली.

या उशिराच्या प्रसिद्धीत त्याचा फायदा झाला तसा तोटाही. शहरी तरुण त्याला ऐकायला येत, पण बरेच जण डोंगरातला रानटी माणूस बघायला येत. प्रेक्षकांना काय हवे आहे हे त्याला कळत होते आणि ते तो देतही होता. त्या गोंगाटात त्याचे हळवे सूर बुडाले. नॉर्टनच्या दोघांना मात्र याचे श्रेय द्यायलाच हवे, की त्यांनी ‘मून ओव्हर मॅडिसन’ही तितक्याच आस्थेने काढला. 2012च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाचे पाणी ब्रुकलिनच्या रेड हुक भागातल्या त्यांच्या गोदामात शिरले आणि रेकॉर्डींचा मोठा साठा भिजला. चाहते त्या चिखलातून रेकॉर्डी उचलून धुवायला धावले. छोट्या कंपनीच्या मागे लोक असे उभे राहतात, कारण मोठ्या कंपन्यांनी परत पाठवलेला आवाज तिने सांभाळलेला असतो.

अ‍ॅडकिन्स एप्रिल 2005 मध्ये बून काउंटीतल्या आपल्या घरीच वारला, 68वा वाढदिवस काही दिवसांवर असताना. त्याच्यानंतर ही रीत थांबली नाही. अमेरिकेतला बॉब लॉग थर्ड, स्वित्झर्लंडचा रेव्हरंड बीट-मॅन, कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा ब्लडशॉट बिल, पोर्तुगालचा लेजंडरी टायगरमॅन हे सगळे एकट्याने ढोल-गिटार वाजवत जगभर फिरले. प्रत्येकाचा बाज निराळा. पण घरात, स्वस्त साधनांवर, कुणाची परवानगी न घेता रॉक अँड रोल करता येते, हा धीर या पिढीला मिळाला त्यात अ‍ॅडकिन्सचा वाटा मोठा आहे. आज कोणीही आपल्या खोलीत बसून संगणकावर सगळी वाद्ये एकट्याने रचतो. अ‍ॅडकिन्सने ते दोन पाय, दोन हात आणि एका टेपवर केले, आणि तेही एका दमात, मागे जाऊन दुरुस्ती न करता.

वाचकांना माझी एक विनंती आहे. ही पाने वाचताना गाणी शेजारी असू द्या. आधी ‘आउट टू हंच’ ऐका, आणि ऐकताना गळ्याकडे लक्ष न देता फक्त पायाकडे द्या. ढोल कुठे पुढे सरकतो, कुठे थांबतो ते बघा. मग ‘मून ओव्हर मॅडिसन’ लावा आणि या वेळी फक्त गळा ऐका. दोन्ही ऐकून झाल्यावर त्याच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी हव्या तितक्या वाचा, त्या पुढे येतीलच. या क्रमाने गेलात तर हॅसिल अ‍ॅडकिन्स हा अमेरिकन संगीताच्या कडेला पडलेली गंमत वाटणार नाही. कंट्री, ब्लूज आणि रॉक अँड रोल हे तिन्ही प्रवाह एकट्याच्या अंगात मावतात हे ज्याने दाखवून दिले, असा विसाव्या शतकातला एक अस्सल वादक म्हणून तुम्ही त्याला ओळखाल.